रसायनशास्त्राची पदवी आणि अल्प खर्चाचें विद्यापीठ

बारावीचा निकाल लागला कीं प्रत्येक घरांत एकच प्रश्न उभा राहतो: पुढें काय, आणि कोठें? वैद्यक किंवा यंत्रविद्या यांच्याकडे ज्यांची दृष्टि लागलेली असते, त्यांना वाट दाखविणारे पुष्कळ भेटतात. परंतु शाळेच्या प्रयोगशाळेंत तांबडा लिटमस निळा होतांना पाहून ज्याला या शास्त्राची गोडी लागली, पदार्थाच्या पोटांत शिरून त्याचे घटक ओळखावेत असें ज्याला मनापासून वाटतें, त्या विद्यार्थ्याला योग्य सल्ला देणारा क्वचितच आढळतो. उलट, "नुसती बी.एस्सी. करून काय करणार?" असें म्हणून त्याचा हिरमोड करणारेच फार. अशा विद्यार्थ्यांसाठीं, व विशेषतः ज्यांच्या घरची स्थिति बेताची आहे त्यांच्यासाठीं, आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. रसायनशास्त्राची पहिली पदवी ही एका लांब वाटेची पहिली मजल आहे. ती मजल कर्ज काढून चालूं नये. लोकांच्या पैशांवर उभ्या असलेल्या सार्वजनिक विद्यापीठाच्या छत्राखालीं, शक्य तितक्या कमी खर्चांत ती पुरी करावी. मात्र स्वस्ताईच्या मोहानें, जेथें विद्यार्थ्याच्या हातांत ब्यूरेट मिळणार नाहीं अशा ठिकाणींहि जाऊं नये. खर्च आणि प्रयोगशाळा या दोन गोष्टी तराजूच्या दोन पारड्यांत घालून निवड करावी. इमारतीची उंची, जाहिरातींतील रंगीत चित्रें आणि शेजाऱ्यांचा मुलगा कोठें गेला ही वार्ता, यांना त्या तराजूंत जागा देऊं नये.

सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे काय, हें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे. मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. नागपूरचें १९२३ सालीं, पुण्याचें १९४९ सालीं, मराठवाड्याचें १९५८ सालीं आणि कोल्हापूरचें शिवाजी विद्यापीठ १९६२ सालीं. पुढें अमरावती, जळगांव, नांदेड, सोलापूर व गडचिरोली येथेंहि विद्यापीठें निघालीं. गोव्याचें विद्यापीठ १९८५ सालचें आहे. महाराष्ट्रांतील हीं विद्यापीठें आज २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखालीं चालतात. खासगी विद्यापीठें निराळ्या कायद्यांनीं स्थापन झालेलीं असतात व त्यांच्या फीचा हिशेबहि निराळा असतो. तेव्हां दारावरील पाटीवर 'विद्यापीठ' हा शब्द आहे एवढ्यावरून तें सार्वजनिक ठरत नाहीं. तें कोणत्या कायद्याखालीं चालतें, हें विचारण्यांत संकोच कसला?

येथें आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आपल्याकडे पदवी विद्यापीठ देतें, परंतु बी.एस्सी.चें शिक्षण बहुतेक ठिकाणीं विद्यापीठाशीं संलग्न असलेल्या कॉलेजांतून होतें. विद्यापीठाच्या आवारांतील रसायनशास्त्र विभाग मुख्यतः एम.एस्सी. व त्यापुढील संशोधनासाठीं असतात. म्हणजे "कोणतें विद्यापीठ?" हा प्रश्न खरोखर "कोणतें कॉलेज?" असाच असतो. तालुक्याच्या गांवचें संलग्न कॉलेज आणि शहरांतील गाजलेलें संलग्न कॉलेज यांच्या विद्यार्थ्यांना एकाच विद्यापीठाची पदवी मिळते. जीं कॉलेजें स्वायत्त झालीं आहेत, तीं आपला अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवितात. परंतु पदवीवर मोहोर विद्यापीठाचीच असते. हें कळलें म्हणजे दूरच्या नांवाची भुरळ बरीचशी ओसरते.

फीचा विचार करतांना दुसरी एक गांठ सोडवावी लागते. एकाच कॉलेजांत, एकाच छपराखालीं, दोन प्रकारच्या तुकड्या चालतात. एक अनुदानित, तिच्यांतील कायम शिक्षकांचें वेतन सरकार देतें, आणि म्हणून विद्यार्थ्याची फी माफक राहते. दुसरी विनाअनुदानित, म्हणजेच स्वयंअर्थसहाय्यित. तिचा सारा भार विद्यार्थ्यावर पडतो व फी कित्येक पट होते. जुन्या कॉलेजांतून रसायनशास्त्र हा विषय बहुधा अनुदानित शाखेंत असतो, आणि नव्या आकर्षक नांवांचे अभ्यासक्रम बहुधा दुसऱ्या शाखेंत. म्हणून अर्ज भरतांना केवळ कॉलेजचें नांव पाहूं नये. आपला अर्ज कोणत्या तुकडीसाठीं आहे, तें कचेरींत स्पष्ट विचारावें. पहिल्या गुणवत्ता यादींत नांव आलें नाहीं म्हणून घाईनें विनाअनुदानित तुकडीची फी भरून मोकळे होणारे पालक थोडे नाहींत. दुसऱ्या व तिसऱ्या यादीपर्यंत धीर धरला, तर तीच पदवी कितीतरी कमी पैशांत पदरांत पडण्याचा संभव असतो.

परंतु फी म्हणजे सारा खर्च नव्हे. अनुदानित तुकडींतील विद्यार्थ्याला फीपेक्षां खोलीभाडें आणि खाणावळ हींच जड जातात. त्यांत एस.टी.चा किंवा लोकलचा पास, परीक्षेची फी, प्रयोगशाळेची अनामत रक्कम, एप्रन, जर्नल, गणकयंत्र, पुस्तकें आणि फुटलेल्या कांचसामानाची भरपाई इतकीं कलमें येतात. वडीलमाणसांनीं व मुलांनीं एका रात्रीं कंदिलाशीं नव्हे, पण दिव्याशीं बसून तीन वर्षांचा हा जमाखर्च कागदावर मांडावा. पुष्कळदां असें दिसून येईल कीं, घरून जाऊन येऊन करतां येण्याजोगें जिल्ह्याचें कॉलेज हेंच सर्वांत सोईचें आहे. विद्यार्थ्यांना एस.टी.च्या मासिक पासांत सवलत आहे. मार्च २०२३ पासून तर स्त्रियांना एस.टी.चें तिकीट अर्ध्या दरानें मिळूं लागलें. रोजच्या प्रवासाच्या भीतीनें ज्या मुलींचें विज्ञानशिक्षण बारावीपाशीं थांबत असे, त्यांच्या घरच्यांनीं याचा विचार करावा.

शिष्यवृत्त्यांविषयीं आमचे विद्यार्थी फार उदासीन असतात, हें आम्हांस खेदानें नमूद करावें लागतें. राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या एकाच द्वारानें भरले जातात. ज्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांस सरकारी वसतिगृहांत जागा मिळत नाहीं, त्यांच्या राहण्याजेवण्याच्या खर्चासाठीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठीं तशीच स्वयंम् योजना आहे. या मदती हातीं येण्यास उशीर लागतो, हें खरें. पण पुष्कळ वेळां उशीर आपल्याच बाजूनें झालेला असतो. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, जातीचा दाखला व त्याची पडताळणी, हे कागद निकालानंतर गोळा करूं म्हणणारा विद्यार्थी तहसील कचेरीच्या रांगेंतच प्रवेशाची तारीख घालवितो. दहावीच्या सुटींतच हें काम हातीं घ्यावें. पुणें व कोल्हापूर येथील विद्यापीठांत 'कमवा व शिका' योजनाहि चालते. श्रम करून शिकण्यांत कमीपणा नाहीं, हा धडा कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढून या महाराष्ट्राला घालून दिलेला आहे.

आतां आक्षेपांकडे वळूं. कोणी म्हणतील, "स्वस्त कॉलेजांत यंत्रें कोठलीं? मोठी फी घेणारे निदान चांगली प्रयोगशाळा तरी देतात." या बोलण्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण पहिल्या पदवीच्या विद्यार्थ्याला लागतें काय, याचा विचार करा. पन्नास मिलिलिटरची ब्यूरेट, पिपेट, शंक्वाकार चंबू, चांगला तराजू, ऊर्ध्वपातनाचें साहित्य, पीएच मापक, रंगमापक, बी.एस्सी.चे बहुतेक प्रयोग एवढ्यावर होतात. ब्यूरेटवरील एक दशांश मिलिलिटरची खूण डोळ्यांनीं अचूक टिपणें, शेवटचा थेंब पडतांच तोटी थांबविणें, आणि तीन वेळां केलेलें अनुमापन तिन्ही वेळां जुळविणें, ही विद्या महाग यंत्रांत नसून हातांत असते. ती शंभर वेळां केल्यानेंच येते. कोट्यवधि रुपयांचें एन.एम.आर. यंत्र कांचेमागून एकदां पाहिलेल्या मुलापेक्षां, साध्या ब्यूरेटवर तीन वर्षें हात बसविलेला मुलगा कारखान्याच्या परीक्षणशाळेंत अधिक उपयोगी पडतो. थोड्या द्रव्यांत प्रयोग उरकण्याची अल्पप्रमाण पद्धति जेथें वापरतात, तें कॉलेज दरिद्री समजूं नये. तेथें खर्चाबरोबर विषारी सांडपाणीहि कमी होतें, आणि विद्यार्थ्याचा हात अधिक नाजूक काम शिकतो.

म्हणून प्रवेशापूर्वीं प्रयोगशाळा स्वतः पाहावी, असा आमचा आग्रह आहे. आठवड्यांतून प्रात्यक्षिकाचे तास किती, आणि ते खरोखर होतात किंवा केवळ वेळापत्रकांतच असतात? एका ब्यूरेटपाशीं एक विद्यार्थी उभा असतो कीं चार? तराजू किती, आणि त्यांपैकीं चालू किती? विषारी धूर बाहेर ओढून नेणारें कपाट चालतें कीं त्यांत जुन्या बाटल्या भरून ठेवल्या आहेत? आग विझविण्याचें साधन, डोळे धुण्याची सोय आणि औषधांची पेटी कोठें आहे? यंत्रांवरील धूळ पाहिली म्हणजे तीं वापरांत आहेत कीं नाहींत हें न विचारतांच कळतें. रसायनशास्त्र हा मुख्य विषय म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत शिकवितात काय व त्याला जागा किती, हेंहि विचारावें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडण्याची किंवा चौथें वर्ष करून ऑनर्स पदवी घेण्याची सोय झाली आहे. तें चौथें वर्ष या कॉलेजांत आहे काय? त्याच कॉलेजांत एम.एस्सी. असेल, तर ग्रंथालय व उपकरणें सहसा बरीं असतात. कॉलेजांची तपासणी करणारी 'नॅक' ही संस्था १९९४ सालीं स्थापन झाली. तिचा अहवाल वाचावा. परंतु सर्वांत खरा अहवाल तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याजवळ असतो. त्याला बाजूस घेऊन एकच प्रश्न विचारा: "जर्नलांतले आंकडे प्रयोग करून लिहितां, कीं मागच्या वर्षीच्या जर्नलांतून उतरवितां?" त्याचें हसूं किंवा त्याचा गंभीर चेहरा, याहून निराळ्या पुराव्याची गरज पडणार नाहीं.

सार्वजनिक शिक्षणाचे दोष झांकून ठेवण्याची आमची इच्छा नाहीं. पुष्कळ कॉलेजांत प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत आणि तासिका तत्त्वावर आलेले शिक्षक त्या कशाबशा सांभाळीत आहेत. निकाल लांबतात, वेळापत्रकें कोलमडतात, गुणपत्रिकेंतील चुकी दुरुस्त करून घेण्यासाठीं विद्यार्थ्याला हेलपाटे घालावे लागतात. हे दोष सोसावे असें आम्ही म्हणणार नाहीं. कॉलेज निवडतांना कायम शिक्षक किती, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. परंतु घराचें छप्पर गळतें म्हणून कोणी घर टाकून सावकाराच्या ओसरीवर राहावयास जात नाहीं. छप्पर शाकारून घेतो. हीं विद्यापीठें आपल्या करांतून उभीं आहेत. त्यांच्या दोषांबद्दल जाब विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे, आणि तो अधिकार जे वापरीत नाहींत, त्यांनीं नुसतीं नांवें ठेवूं नयेत.

कर्जाविरुद्ध आम्ही इतकें कां बोलतों, तेंहि सांगितलें पाहिजे. समजा, पांच लाखांचें कर्ज दरसाल दरशेंकडा दहा व्याजानें काढलें. मुद्दल बाजूस राहूं द्या. नुसतें व्याजच वर्षास ५० हजार, म्हणजे दरमहा चार हजारांहून अधिक होतें. नव्यानें बी.एस्सी. झालेला मुलगा तारापूर, रोहा, महाड, लोटे, कुरकुंभ किंवा वापी येथील कारखान्याच्या परीक्षणशाळेंत लागला, तरी त्याच्या पहिल्या पगाराचा मोठा लचका येथेंच तुटतो. पण पैशांहून मोठी हानि निराळीच आहे. रसायनशास्त्रांत खरी उंची एम.एस्सी. व पीएच.डी. यांनीं येते. ज्याच्या डोक्यावर ऋण आहे, तो मिळेल ती नोकरी धरतो. आणि एकदां हप्ते सुरू झाले कीं पुढील अभ्यासाचें नांव निघत नाहीं. त्याची वाट त्याची बुद्धि निवडीत नाहीं, त्याचें कर्ज निवडतें.

उलट, ज्यानें पहिली मजल ऋणाशिवाय गांठली, त्याला पुढची वाट आपण समजतों तितकी महाग नाहीं. देशांतील आय.आय.टी.मध्यें एम.एस्सी.चा प्रवेश 'जॅम' या परीक्षेनें होतो. ती परीक्षा विद्यार्थ्याला काय येतें तें विचारते. त्याचें कॉलेज शहरांतलें कीं तालुक्यांतलें, हें विचारीत नाहीं. त्यापुढें नेट परीक्षेंतून संशोधनवृत्ति मिळविणाऱ्या कनिष्ठ संशोधकाला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये मिळूं लागले. म्हणजे या शास्त्रांत अशी एक पायरी येते कीं, तेथें विद्यार्थी विद्यालयाला पैसे देत नाहीं, देश विद्यार्थ्याला देतो. त्या पायरीपर्यंत मोकळ्या खांद्यांनीं पोंचणें, यांतच शहाणपण आहे.

सार्वजनिक विद्यापीठाची पदवी हलकी नव्हे, याला आपल्याच प्रांतांतील दाखले पुरे आहेत. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, या १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. झाल्या. स्त्री म्हणून बंगलोरच्या विज्ञानसंस्थेनें प्रथम प्रवेश नाकारला, तेव्हां त्यांनीं झगडून तो मिळविला. १९३९ सालीं केंब्रिजची पीएच.डी. मिळविली, आणि पुढें मुंबईच्या विज्ञानसंस्थेच्या त्या संचालिका झाल्या. दुसरें नांव डॉ. रघुनाथ माशेलकर यांचें. गोव्यांतील माशेल गांवीं १९४३ सालीं त्यांचा जन्म झाला. वडिलांचें छत्र लहानपणींच हरपलें; आईनें कष्ट करून मुंबईंत त्यांना वाढविलें. मुंबई विद्यापीठानें १९३३ सालीं जो रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला होता, त्यांतून ते १९६६ सालीं रासायनिक अभियांत्रिकीचे पदवीधर झाले व १९६९ सालीं पीएच.डी. झाले. १९८९ सालीं ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. सार्वजनिक विद्यापीठाचें दार जर त्या काळीं उघडें नसतें, तर त्या माउलीच्या कष्टांना हें फळ कसें आलें असतें?

ज्यांची तयारी उत्तम आहे, त्यांना महाराष्ट्राबाहेरील सार्वजनिक विद्यापीठांचींहि दारें उघडीं आहेत. काशीचें हिंदु विद्यापीठ १९१६ सालचें व दिल्लीचें १९२२ सालचें; अशा केंद्रीय विद्यापीठांतील पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेश २०२२ पासून सीयूईटी या परीक्षेनें होतात. पुण्यास २००६ सालीं निघालेली आयसर ही संस्था आपली निराळी परीक्षा घेते. तेथील शिक्षण उच्च दर्जाचें आहे. मात्र दूरच्या शहरांतील राहण्याचा खर्च वसतिगृह मिळालें तरच झेपतो, हें आधीं ध्यानांत घ्यावें. आणि अकरावींत जाणाऱ्यांस एक कळकळीची सूचना: "मला रसायन आवडतें, गणित नको," असें म्हणून गणित सोडूं नका. दिल्ली विद्यापीठांतील रसायनशास्त्राच्या ऑनर्स अभ्यासक्रमास बारावीचें गणित लागतेंच. पण प्रवेशाची गोष्ट बाजूस ठेवली, तरी रासायनिक क्रियेचा वेग, उष्णतेचे नियम व अणूची रचना या प्रकरणांत कलनशास्त्रावांचून एक पाऊल पुढें टाकतां येत नाहीं. आज सोडलेलें गणित तीन वर्षांनीं दारांत आडवें येतें.

आमच्या शाळेंतून दरवर्षीं शेंकडों मुलेंमुली बाहेर पडतात. त्यांपैकीं थोडीं तरी रसायनशास्त्राकडे वळावींत, अशी आमची मनीषा आहे. पिण्याच्या पाण्याची परीक्षा, शेतांतील मातीची परीक्षा, औषधाच्या गोळीची शुद्धता, कारखान्याच्या सांडपाण्यानें विटाळलेली नदी, या सर्वांना उद्यां जाणत्या हातांची गरज लागणार आहे. ते हात श्रीमंतांच्याच घरीं जन्मावे असा कांहीं सृष्टीचा नियम नाहीं. पालकांनीं जमीन गहाण टाकण्यापूर्वीं आणि आईच्या अंगावरील दागिना मोडण्यापूर्वीं जवळच्या अनुदानित कॉलेजची प्रयोगशाळा एकवार पाहून यावी. आणि विद्यार्थ्यांनो, तेथें प्रवेश मिळाल्यावर मग कुरकुर करूं नका. ब्यूरेट हातांत घ्या, जर्नलांत खरा आंकडा लिहा, आणि दार बंद होईपर्यंत प्रयोगशाळा सोडूं नका. अल्प खर्चांत मिळालेली विद्या अल्प राहते कीं थोर होते, हें त्यापुढें सर्वस्वीं तुमच्या हातीं आहे.